खुणा पुसू नयेत म्हणून

दिवाळी सरली की मला राग यायला लागतो.

इतरांचं बरं असतं. कोणाला थंडीची चाहूल लागते, कोणाला शेतात भाजलेल्या वांग्याचं भरीत आठवतं. आर्णीत आमच्या घरासमोरून सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचे ऑटो निघतात. डोक्याला रुमाल, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, मांडीवर डबा. ऑटो केव्हाच भरलेला असतो, तरी कोपऱ्यावर आणखी दोघी उभ्या असतात. मग आतून आवाज येतो, सरक वं जराशी. आणि सरकायला जागा नसताना कोणीतरी सरकते. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि त्यात रागावण्यासारखं काहीही नाही. तरी चहाचा कप घेऊन दारात उभी असताना माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागते, कारण मला नागपूरचा बर्डीचा बसथांबा आठवतो.

काही वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत आईला नागपुरात शेक द्यायचे होते. छातीतली गाठ काढून झाली होती, जखम भरली होती, आता रोज मशीनखाली झोपून किरणं घ्यायची होती. शनिवार-रविवार तेवढे सुट्टीचे. मी इथल्या शाळेत शिकवते. मी रजा टाकली. बाबा गेल्यापासून शेत आईच पाहायची. ऐन वेचणीत तिनं ते गड्याच्या हवाली केलं आणि शेताची काळजी मात्र पिशवीत घालून सोबत घेतली.

शेक सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी तिच्या अंगावर जांभळ्या शाईनं रेघा काढल्या. गळ्याच्या हाडाखाली एक आडवी, छातीच्या मधोमध एक उभी, काखेकडे फुल्या. मशीनचा नेम त्या रेघांवर धरायचा असतो. साबण लावायचा नाही, घासायचं नाही, घट्ट कपडा घालायचा नाही, घाम टाळायचा. रेघा पुसल्या तर त्या दिवशीचा शेक गेला, पुन्हा सगळं मोजमाप. आणि मध्ये खंड पडता कामा नये, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं. आई त्या रेघांना खुणा म्हणायला लागली. बाबांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर फाडून तिनं त्याची सैल पोलकी शिवून घेतली, आणि गळ्याशी पोलक्याची कड दोन बोटांत धरून ती अंगापासून जराशी उचलून ठेवायची सवय लावून घेतली. बसताना, चालताना, बोलताना, तिची दोन बोटं तिथंच असायची.

दवाखान्याच्या समोर, रस्ता ओलांडला की, एक धर्मशाळा होती. आजारी माणूस आणि सोबतचं एक माणूस राहील एवढ्या खोल्या, सकाळी गरम पाणी, दोन्ही वेळ वरणभात. खोली मिळत होती. मी स्वतः जाऊन पाहून आले होते, खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसत होतं. आणि आम्ही तिथं उतरलो नाही.

कारण नागपुरात मामा होता.

हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्याकडे ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावात मुक्काम दुसरीकडे करायचा नसतो. बहिणीनं तर नाहीच नाही. विलासमामा आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, नागपूरला कारखान्यात कामाला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आर्णीला आला आणि जेवता जेवता मी धर्मशाळेचं नाव काढलं, तर घास त्याच्या हातातच राहिला. ‘‘लोकं इचारतीन, भाऊ मेला काय हिचा?’’ एवढंच तो म्हणाला. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी तिच्या माहेराला काडी लावत होते. विषय तिथंच मिटला. मामाचं घर शहराच्या पूर्वेला, अगदी टोकाच्या एका लेआउटमध्ये, नव्या प्लॉटांच्या वस्तीत. दवाखाना पश्चिमेला, शहर संपल्यावर. मधलं अख्खं नागपूर रोज जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडायचं, ते कोणी बोललं नाही. मामाच्या डोळ्यांसमोर त्याचं घर होतं आणि आईच्या डोळ्यांसमोर भाऊ. रस्ता कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता.

आधी लेआउटमधून शेअर ऑटो. आर्णीच्या ऑटोत कोंबतात तेवढीच माणसं तिथंही कोंबतात, पण सरकत कोणी नाही. जो तो आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून आपली वीतभर जागा राखून असतो. रस्ता खोदलेला. कोणी सांगायचं पुलासाठी, कोणी सांगायचं पाइपसाठी, आणि खोदणारे कधीच दिसायचे नाहीत. स्पेशल ऑटो का केला नाही, असं सगळे विचारतात. केला होता. तोही त्याच खड्ड्यांतून, त्याच गर्दीत अडकत गेला आणि आईची जखमेची जागा दिवसभर ठणकत राहिली. त्यानंतर ती त्यात बसली नाही. मामाच्या मोटरसायकलचंही तेच झालं.

मग मेट्रो. मेट्रोबद्दल मी वाईट बोलणार नाही. स्वच्छ, गार, बसायला जागा. आईच्या अंगावर काटा यायचा, पण घाम यायचा नाही. ती खिडकीतून खालच्या गच्च्या पाहत बसायची. कोणाकडे वड्या वाळत घातल्यात, कोणाकडे नुसतं भंगार. एवढ्या गच्च्या आणि एकीवरही कापूस नाही, असं एकदा म्हणाली आणि स्वतःशीच हसली. तेवढा वेळ आम्ही दोघी माणसांत असायचो. पण दवाखान्याची वाट ती मेट्रो पुढे धरतच नव्हती. बर्डीला उतरायचं आणि सरकत्या जिन्यावरून थेट धुळीत. शहरानं स्वतःचा मधला भाग तेवढा चकचकीत करून घेतला होता. टोकांना राहणाऱ्यांनी आणि टोकांना मरायला टेकलेल्यांनी आपापलं पाहून घ्यावं.

आमचा बर्डीचा थांबा म्हणजे एक वाकलेला लोखंडी खांब. सावली नाही, बसायला दगडसुद्धा नाही. आणि बस त्या खांबापाशी कधी थांबली नाही. कधी बरीच अलीकडे, कधी पार पुढे चौकाच्या तोंडाशी, तीही पुरती न थांबता. ती दिसली की सगळा जथा पळत सुटायचा. कॉलेजची पोरं, कारखान्यातली माणसं, डबे, पिशव्या, दप्तरं. आईला पळता येत नव्हतं. मग मी पळायची, दाराचा दांडा धरून एक पाय आत, एक बाहेर, आणि कंडक्टरचं बोलणं खात आईची वाट पाहायची. ती आपली सावकाश, दोन बोटं गळ्याशी, येत असायची. वर्गात पोरांना रांगेत उभं राहायला शिकवणारी मी बाई, आणि मी भर रस्त्यात दाराला लटकून ओरडत होते, थांबवा हो, म्हातारी येऊन राह्यली. माझ्या तोंडून ते ‘म्हातारी’ ऐकून आई पहिल्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

बसमध्ये चढणं हे अर्धंच काम. मग तिच्या अंगाभोवती जागा करायची. मी कोपरं बाहेर काढून उभी राहायची. लोक शिव्या द्यायचे, मी परत द्यायची. बायांसाठी राखलेल्या जागेवर पुरुष बसलेले असायचे, खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलेले. मी त्यांना उठवायची. एकानं मला सुनावलं, बाई, तुमची आई तर चांगली धडधाकट दिसते. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण आईनं माझा हात दाबला. तिचा पहिल्या दिवसापासून हुकूम होता: ‘‘गुडघे दुखतात म्हन. बाकी काही सांगू नको.’’ म्हणून एवढ्या मोठ्या आजारासाठी मी रोज गुडघ्यांवरून भांडत होते. ह्याचाही मला राग यायचा. शहराला ती आजारी आहे हे सांगायची सोय नाही आणि न सांगता जागा मिळायची सोय नाही.

आणि त्या सगळ्यात तिचा फोन वाजायचा. गडी शेतातून विचारायचा, खालच्या तुकड्यातला वेचू की वरचा? आई भरल्या बसमध्ये जोरजोरानं सांगायची, दहिवर वाळू दे पहिले, ओला कापूस झोऱ्यात भरशीन तर पाह्य. लोक वळून पाहायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. तेवढ्या वेळापुरती ती आजारी नसायची.

त्या शहरात एवढी माणसं आहेत, त्यातली कितीतरी रोज अशीच, औषधाची पिशवी छातीशी धरून, ह्या टोकाची त्या टोकाला जातात. मी पाहायची ना त्यांना. नाकात नळी घातलेला म्हातारा, डोक्याला रुमाल बांधलेली तरुण मुलगी. पूल बांधणाऱ्यांनी, बस सोडणाऱ्यांनी, थांबे रोवणाऱ्यांनी ह्यांच्यापैकी एकालाही हिशेबात धरलं नव्हतं. त्यांच्या मनातला प्रवासी तरणाबांड होता, त्याच्या हातात काही नव्हतं आणि त्याला पळता येत होतं. मशीनखाली आई जेमतेम चार-पाच मिनिटं झोपायची. त्या चार-पाच मिनिटांसाठी दिवस उगवायचा आणि दिवस मावळायचा. शेकानं तिची कातडी काळवंडली, पण तिला थकवलं ते शेकानं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

संध्याकाळी घरी मामी वाट पाहत असायची. मामीला नाव ठेवायला जागा नाही. कधी शिरा, कधी पाटोडी, कधी आईला आवडते म्हणून अंबाडीची भाजी आणि भाकर. आईला घास गिळवत नसायचा, तरी ती दोन घास जास्तच खायची, वहिनीला वाईट वाटेल म्हणून. मामा कामावरून येऊन विचारायचा, कसं झालं ताई? आई म्हणायची, चांगलं झालं. मामाचा कारखाना विरुद्ध दिशेला होता. तो सकाळी आमच्या आधी निघायचा. त्यानं ती बस कधी पाहिलीच नव्हती, आणि आई त्याला ती दिसू देत नव्हती.

मग तो दिवस आला. त्या दिवशी आईला चक्क खिडकीची जागा मिळाली होती. मी निर्धास्त झाले, तिच्या बाजूला दांडा धरून उभी राहिले. पुढच्या थांब्यावर एक बाई चढली. कडेवर झोपाळलेली मुलगी, एका हातात पिशवी, दुसरा हात दांड्यापर्यंत पोचत नव्हता. आईनं एक क्षणही विचार केला नाही. ‘‘दे वं बाई, लेकरू इकडे दे,’’ म्हणाली आणि घेतलं.

आर्णी-यवतमाळच्या एसटीत वाढलेलं कोणीही हेच करेल. आमच्याकडे बसलेल्या माणसाची मांडी त्याच्या एकट्याची नसते. उभ्या असलेल्याचं पोर, पिशवी, कोंबडीसुद्धा बसलेल्याकडे द्यायची असते; विचारायचं नसतं, नाही म्हणायचं नसतं. आईनं हा नियम त्या शहराच्या बसमध्ये पाळला, आणि पाळणारी ती एकटीच होती. मुलगी तिच्या छातीवर डोकं टाकून झोपली. उकाडा, लाळ, घाम. मी म्हणाले, आई, खुणा. ती म्हणाली, झोपलं हाय लेकरू, उठवू नको. त्या बाईनं उतरताना मुलीला उचलून घेतलं तेव्हा तिच्या गालावर जांभळी रेघ उमटली होती. बाईनं ती पदरानं पुसली आणि हसत उतरून गेली.

मशीनवरच्या माणसानं पोलकं बाजूला करून पाहिलं आणि विचारलं, रेघा कुठं आहेत? गळ्याखालची पार गेली होती, मधली फिसकटली होती. तो आईला ओरडला नाही, मला ओरडला. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. शेक झाला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजमाप करू म्हणाले, मशीन त्यासाठी मोकळी कधी मिळेल ते सांगता येत नाही म्हणाले. आम्ही आल्या वाटेनं परत निघालो. बस, मेट्रो, ऑटो, सगळं तेच, फक्त काहीही न होता. आईची दोन बोटं अजून गळ्याशीच होती, आता तिथं राखायला काही नसताना.

त्या संध्याकाळी मी मामासमोर फुटले. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आवाज चढला होता हे आठवतं, मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती हे आठवतं. तुमच्या इभ्रतीपायी तिचा शेक गेला, हे मात्र मी म्हणाले. आई मला गप्प बस म्हणत होती. सकाळी पाहते तर मामा कामाचे कपडे न घालता पायरीवर बसला होता. म्हणाला, आज मी येतो.

आला. खांबापाशी उभा राहिला, बस पुढं निघून गेली, पळाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस धापा टाकत दाराला लटकला. आत आईला एका कोपऱ्यात उभं केलं आणि तिच्या दोन्ही बाजूंनी हात दांड्याला लावून, पाठ गर्दीकडे करून उभा राहिला. सगळी वाट. धक्के त्याच्या पाठीवर बसत होते, कोणाची तरी बॅग त्याच्या मानेत रुतत होती, तो हलला नाही. आई खालून त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणत होती, हात दुखून राह्यले असतीन तुझे, खाली घे. त्यानं घेतले नाहीत. नशिबानं त्याच दिवशी मशीन मिळाली, नव्या खुणा काढल्या. बाहेर आल्यावर मामा समोरच्या धर्मशाळेकडे बराच वेळ बघत राहिला. मग एकटाच रस्ता ओलांडून आत जाऊन आला.

घरी पोचल्यावर चपलाही न काढता तो म्हणाला, ‘‘ताईचं सामान बांधा. उद्यापासून तिकडच राहीन ते.’’

मला वाटलं होतं आता आई सुटकेचा श्वास टाकेल. ती भिंतीला टेकून खाली बसली. मामी रडत होती, आई रडत नव्हती. मामा मोरीकडे गेल्यावर ती मला म्हणाली, ‘‘माह्यं काय चुकलं? काहून काढलं त्यानं मले घरातून?’’ मी समजावलं, खेकसले, हातही जोडले. शहाण्या माणसाला जे सरळ दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं. तिच्या लेखी भावानं तिला धर्मशाळेत टाकलं होतं, बस्स. उरलेले सगळे शेक आम्ही रस्ता ओलांडून घेतले. खुणा पुन्हा एकदाही पुसल्या नाहीत. मामा दर सुट्टीला त्याच बसनं डबा घेऊन यायचा. आई डबा ठेवून घ्यायची, खायची, पण त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही.

आणि आर्णीला परत आल्यावर, जिनं जिनं भेटायला येऊन विचारलं की नागपूरले कोठी राह्यल्या होत्या, तिला तिला आईनं एकच उत्तर दिलं. भावाच्या घरी. वर्षानुवर्षं मी ते उत्तर ऐकत आले. भावाची अब्रू राखायला म्हणते की स्वतःचा अपमान झाकायला, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी शेजारी बसून दात आवळायची. आई बरी झाली, शेतावर जायला लागली, गड्याला धाकात ठेवायला लागली. खुणा केव्हाच धुऊन गेल्या. खोटं तेवढं पक्कं राहिलं.

परवा भाऊबीज झाली. मामा आला होता, आता केस पांढरे झालेत त्याचे. ओवाळून झालं, निरांजन पाटाजवळ जळत होतं, मामा चहा घेत होता. तेवढ्यात मागच्या घरातल्या शोभाकाकू आल्या. गेल्या महिन्यात त्यांची गाठ काढली, त्याच दवाखान्यात. आता शेक सुरू होणार. त्यांचाही भाऊ नागपुरात, तोही कुठल्या तरी दूरच्या लेआउटमध्ये, आणि तोही म्हणतो की माझं घर असताना दुसरीकडे राहशीलच कशी. बाहेर कापसाच्या ऑटोचा हॉर्न वाजत होता. शोभाकाकू आईजवळ बसल्या. तुम्ही कुठं राहिला होता, तसंच करते म्हणाल्या.

आई म्हणाली, ‘‘भावाच्या घरी. अन् कोठी राहीन?’’

माझी शीर उडाली. इतकी वर्षं त्या खोट्यानं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आता ते एका बाईला तिच्या ओल्या खुणांसकट त्या खांबापाशी नेऊन उभं करणार होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मामानं कप खाली ठेवला.

‘‘माह्या घरी ते पह्यले काही दिवसच होती,’’ तो शोभाकाकूंना म्हणाला. ‘‘मंग मीच तिले धर्मशाळेत नेऊन ठेवली. तुमच्या भावाले म्हना, तुमालेई तिकडच ठेव.’’

आई त्याच्याकडे पाहत म्हणाली, ‘‘तुले कोनं इचारलं?’’

‘‘तवाई कोनं इचारलं नोतं, ताई,’’ मामा म्हणाला. ‘‘मी त्या बसमधी उभा राह्यलो, अन् पाह्यलं.’’

शोभाकाकूंना काय करावं कळेना. त्या मामाकडून आईकडे वळल्या. शेक घेतलेली आई होती, शब्द तिचा हवा होता. खरंच का, असं त्यांनी हळूच विचारलं. आई निरांजनाकडे पाहत होती. तिची दोन बोटं गळ्याशी गेली आणि तिनं पोलक्याची कड अंगापासून जराशी उचलून धरली.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘तेथून गेलं का खुणा पुसत नाहीत.’’